सुरतेच्या सुट्ट्यांचा मागोवा : २०२० ते २०२५

महाराष्ट्राला सुरत तशी शेजारचीच. मुंबईहून गाडीने तीन-चार तास. नंदुरबार, अमळनेर, जळगावकरांना तर भुसावळ–सुरत मार्ग म्हणजे रोजची वहिवाट. त्यामुळे दिवाळीची सुट्टी लागली की बऱ्याच घरांत बेत ठरतो : दोन दिवस सुरतेला जाऊ, रिंग रोडवर साड्या घेऊ, शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७०च्या स्वाऱ्यांची आठवण जागवत तापीकाठचा किल्ला पाहू, लोचो-घारी खाऊ. बेत चांगला, मुहूर्त मात्र चुकीचा. सुरत वर्षातून सर्वांत जास्त दिवस बंद असते ती नेमकी तेव्हाच. गेल्या पाच-सहा वर्षांतल्या सुट्ट्या एकापुढे एक मांडून पाहिल्या, तर या शहराचं वेळापत्रक नीट उलगडतं.

सुरुवात २०२०पासूनच करायला हवी, कारण त्या वर्षी सुरत कोणत्याही तिथीविना बंद झाली. मार्चअखेरीस टाळेबंदी लागली, माग थांबले, हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या घंट्या थांबल्या आणि ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहार, खानदेशातले कामगार घरी जाऊ द्या म्हणून रस्त्यावर आले. हे शहर कोणाच्या हातांवर चालतं, हे तेव्हा साऱ्या देशाला दिसलं. सुरतेच्या सुट्टीचं मूळही तिथंच आहे. कारागीर गावी गेला की बाजाराला कुलूप लागतं, मग सरकारी यादीत त्या दिवशी सुट्टी असो वा नसो.

त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला हजिरा–घोघा रो-रो फेरी सुरू झाली आणि सौराष्ट्रातल्या रत्नकलाकारांना, म्हणजे हिऱ्याच्या कारागिरांना, दिवाळीत गावी जायला समुद्रातून जवळची वाट मिळाली. हिऱ्याचे कारखाने दिवाळीत साधारण तीन आठवडे बंद राहतात. गुजरातमधल्या शाळांची दिवाळीची सुट्टीही एकवीस दिवसांची. रत्नकलाकारांच्या वराछा-कतारगाममधल्या सोसायट्या रिकाम्या होतात, एसटीच्या जादा गाड्या भरून सुटतात. उधना आणि सुरत स्थानकांवर उत्तरेकडे जाणाऱ्यांची रीघ लागते. ११ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरत स्थानकावर याच गर्दीत चेंगराचेंगरी होऊन एकाचा जीव गेला. हौसेच्या प्रवाशाने या दिवसांत त्या गाड्यांतली जागा अडवू नये, हे माझं प्रामाणिक मत आहे. ज्यांना वर्षातून एकदाच घर दिसतं, त्यांचा हक्क पहिला.

आता तारखांकडे वळू. सुरतेचा व्यापारी पाडव्याला नवं वर्ष साजरं करतो आणि दुकान उघडतो ते लाभपाचमेला, म्हणजे आपल्या पंचांगातल्या पांडवपंचमीला. २०२१मध्ये पाडवा ५ नोव्हेंबरला आणि लाभपाचम ९ला होती. २०२२मध्ये २४ ऑक्टोबरला दिवाळी झाली, २५ला सूर्यग्रहण आलं, पाडवा २६ला आणि लाभपाचम २९ला. २०२३मध्ये पाडवा १४ नोव्हेंबरला, लाभपाचम १८ला. दिवाळी आणि पाडवा यांच्यामध्ये असा एखादा रिकामा दिवस पडला की गुजराती माणूस त्याला ‘धोको’ म्हणतो. त्या दिवशी सणही नसतो आणि धंदाही नसतो.

मराठी माणसाची खरी गफलत झाली ती २०२४ आणि २०२५मध्ये. २०२४ला आपल्याकडे लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं, सुरतेत चोपडापूजन, म्हणजे वहीपूजन, ३१ ऑक्टोबरलाच उरकलं होतं. २०२५मध्ये आपलं लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला, तिकडची दिवाळी २०ला. पाडवा मात्र दोन्हीकडे एकच : आधी २ नोव्हेंबर, मग २२ ऑक्टोबर. म्हणून हिशेब लक्ष्मीपूजनापासून धरू नये, पाडव्यापासून धरावा. तिथून लाभपाचमेपर्यंत रिंग रोडच्या कापड मार्केटांत खरेदी होत नाही. बंद शटरवर कुंकवाचा साथिया म्हणजे स्वस्तिक, वर आसोपालवाचं तोरण, खाली लाभपाचमेच्या मुहूर्ताची चिठ्ठी, इतकंच दिसतं. मुहूर्तालाही पूजा आणि नावापुरता सौदा होतो. माल दाखवणारी माणसं परतायला आणखी काही दिवस जातात. खमण-लोचोची बरीच दुकानंही या दिवसांत विश्रांती घेतात.

साप्ताहिक सुट्टीचा पेच वेगळा आहे. कापड मार्केटं रविवारी बंद. किल्ला, सरदार संग्रहालय, सायन्स सेंटर, सरथाणा नेचर पार्क सोमवारी बंद. शनिवार-रविवार-सोमवार अशी जोडून आलेली सुट्टी सुरतेसाठी म्हणूनच अपुरी ठरते. शुक्रवारी पोचावं, शनिवारी बाजार करावा, रविवारी किल्ला आणि इंग्रज-डच व्यापाऱ्यांच्या घुमटदार कबरी पाहाव्यात, हा क्रम उत्तम जमतो.

पण सगळ्याच सुट्ट्या टाळायच्या नसतात. काही सुट्ट्यांत सुरत गावाला जात नाही, घराबाहेर पडते. उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण, ही त्यातली पहिली. तिला तिथी लागत नाही. १४ जानेवारीला उत्तरायण, १५ला वासी उत्तरायण. २०२१ आणि २०२२मध्ये साथीमुळे गच्चीवर बाहेरच्या पाहुण्यांना मनाई होती. २०२३मध्ये ही बंधनं उठली आणि गच्च्या पुन्हा भरल्या. मी मात्र १३ तारखेच्या रात्रीलाच जास्त मानतो. भागळजवळच्या डबगरवाडात पतंगांची रास लागलेली असते. फुटपाथवर दोन खांबांमध्ये दोरा ताणलेला असतो. बोटांना पट्ट्या गुंडाळलेला कारागीर काचेची गुलाबी लुगदी मुठीत धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतो, दोरा वाळतो आणि फिरकीवर चढतो. दुसऱ्या दिवशी बाजार बंद असला तरी उंधियूच्या दुकानापुढे सकाळपासून रांग असते. दुचाकीवर मात्र जपून फिरावं. उड्डाणपुलांवर मांजा गळ्याशी येतो, म्हणून पोलीस त्या दिवशी तिथं दुचाकींना बंदी घालतात.

दुसरी सुट्टी कोजागरीच्या दुसऱ्या दिवसाची, चंदी पडव्याची. सरकारी यादीत शोधून ती सापडायची नाही. त्या रात्री गौरवपथावर आणि डुमस रस्त्याच्या कडेला घरंच्या घरं सतरंज्या अंथरून बसतात आणि तुपाने माखलेली घारी भुश्याबरोबर, म्हणजे चिवड्याबरोबर, खातात. २०२३मध्ये कोजागरीलाच चंद्रग्रहण होतं, पण दुसऱ्या दिवशी, २९ ऑक्टोबरला, हा सोहळा ठरल्याप्रमाणे झाला.

तिसरी सुट्टी तर आपल्याच माणसांची. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली इथं खानदेशी घरं दाट आहेत. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी तिथं कानबाई ही खानदेशी देवी बसते, रोट होतात, सोमवारी वाजतगाजत विसर्जन होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, याच वस्त्या रिकाम्या होतात, कारण त्या वेळी गाव बोलावतं. नातेवाइकांकडे उतरायचं असेल तर त्यांची आखाजी सोडून जावं आणि कानबाईला आवर्जून जावं.

या सगळ्या वर्षांनी एक गोष्ट पक्की शिकवली. सुट्टीचा बेत आखताना शहर कोणत्या दिवशी बंद आहे एवढं विचारून भागत नाही, कोण सुट्टीवर आहे हेही विचारावं लागतं. दिवाळीनंतरचे दिवस कारागिरांच्या विसाव्याचे आहेत. मागावर आणि घंटीवर वर्षभर वाकलेली पाठ तेव्हाच सरळ होते. तो विसावा त्यांना मनापासून लाभू द्यावा आणि आपण जानेवारीत जावं. तेव्हा बाजार पुन्हा भरात आलेला असतो, हवा थंड असते, अडाजणला तापीकाठी ज्वारीचा कोवळा पोंक, म्हणजे हुरडा, आलेला असतो. संक्रांतीची सुट्टी आपल्याला मिळत नसली तर दोन दिवसांची रजा टाकावी. सुरतेसाठी ती सत्कारणी लागते.