बांबूतोड आणि वहीतला हिशेब

गेल्या पावसाळ्यात फुटलेल्या बांबूला हात लावायचा नाही. बेटातला जुना, पिवळसर बांबू आधी निवडायचा. घाव पेराच्या अगदी वर बसला पाहिजे, नाहीतर खुंटाच्या वाटीत पाणी साचून कूज धरते. पावसाळाभर कुऱ्हाड घरीच. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या अनुभवी मजुराला हे सगळं पाठ असतं. पण ते पाळायला कोण लावणार, हे ठरवणं कालपरवापर्यंत गावाच्या हातात नव्हतं. जंगल वनखात्याचं, आणि बांबू कागद कारखान्याच्या करारात गेलेला.

२००६च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपजात धरलं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंडांच्या गावाला २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी अडचण उरलीच. माल विकून बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो, आणि परवान्याचं पुस्तक खात्याच्या टेबलावर. २०११च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले, तेव्हा कुठे ते ग्रामसभेच्या हाती पडलं. हक्काच्या पट्ट्याइतकंच या पुस्तकाला महत्त्व आहे.

गावांना असे हक्क मिळवून देण्याच्या कामात उतरणारी शिकलेली मुलं बहुधा वाघ-पाखरांच्या ओढीने येतात आणि रजिस्टरांत अडकतात. दाव्यासाठी जुनं निस्तारपत्रक, म्हणजे गावाच्या जंगलवापराच्या हक्कांची नोंद, शोधा, म्हाताऱ्यांच्या मागे शीव फिरा, जीपीएसवर बिंदू घ्या. या गावचा म्हातारा नाल्यापर्यंत हद्द सांगतो, शेजारच्या गावचा नाल्याअलीकडचा मोह दाखवतो. इथे यंत्राचा काही उपयोग नाही. दोन्ही ग्रामसभा एकत्र बसेपर्यंत नकाशा अडून राहतो.

हक्क मिळाला की खरी कारकुनी सुरू होते. कोणी किती बांबू तोडले, मजुरी किती, डेपोत माल किती, लिलावात भाव काय आला. मेंढ्याच्या ग्रामसभेला तर पॅन कार्डही काढावं लागलं. हिशेब भरसभेत वाचायचा असतो. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांनाही आपण तोडलेल्या बांबूंचा आकडा चोख आठवतो, त्यामुळे वहीतली चूक लपत नाही. पगारी लेखापरीक्षकाला असा धाक क्वचितच जमतो.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावाने आणखी अवघड निर्णय घेतला. २०१२मध्ये हक्क मिळाल्यावर गावाने तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं, कारण पानांसाठी फांद्या छाटतात, जंगलाला आगी लावतात. उन्हाळ्यात हाती येणारी रोकड सोडून गाव बांबूवर उभं राहिलं.

बाकी कितीतरी ग्रामसभांना ते परवडत नाही. तिथे एप्रिल-मे आला की सत्तर पानांचे पुडे बांधले जातात, आणि तेंदूच्या विरोधात असलेला कार्यकर्ताही सभेने सांगितल्यावर लिलावाची नोटीस लिहायला बसतो.