'मराठी' शोधून न सापडणारी मराठी

बेळगाव-निपाणी भागातल्या डीटीपीच्या दुकानात एकाच संगणकावर देवनागरी आणि कन्नड अशा दोन्ही लिप्या लागतात. विंडोजवर त्यासाठी प्रत्येक सॉफ्टवेअरचा सेटअप वेगळा चालवावा लागतो: कन्नड गणक परिषदेच्या 'नुडी'चा एक, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या 'श्रीलिपी'चा दुसरा. कोणत्या सेटअपने कुठे काय टाकले, याचा एकत्र हिशेब फारसा राहत नाही.

लिनक्समधला पॅकेज मॅनेजर हा हिशेब ठेवतो. मार्च 1999मध्ये डेबियन या लिनक्स-प्रणालीच्या 2.1 आवृत्तीसोबत आलेला 'ॲप्ट' हा पॅकेज मॅनेजर मागितलेले पॅकेज तपासून घेतो आणि ते चालायला लागणारी इतर पॅकेजेही स्वतःच आणतो. मोठेच काम आहे हे. पण मागायचे कोणत्या नावाने, ते वापरणाऱ्यालाच माहीत असावे लागते, आणि सामान्य माणूस अडतो तो इथेच.

देवनागरी फॉन्टच्या पॅकेजचे नाव 'फॉन्ट्स-डीईव्हीए'. हा लिपीचा आंतरराष्ट्रीय संकेत. लिब्रेऑफिसच्या मराठी रूपाच्या पॅकेजच्या नावाच्या शेवटी 'एमआर' येते, तर छापील मजकूर ओळखणाऱ्या टेसरॅक्टच्या मराठी पॅकेजला 'एमएआर' लागते. भाषा एक, संकेत तीन. कन्नडचीही तीच गत: 'केएनडीए', 'केएन' आणि 'केएएन'. एखादे अक्षर चुकले, की असे पॅकेज सापडत नाही एवढेच उत्तर मिळते. उच्चारानुसार टाइप करण्यासाठीच्या 'आयबस-एम17एन' या पॅकेजच्या नावात तर कोणत्याच भाषेचा मागमूस नाही. 'मल्टिलिंग्वलायझेशन' या शब्दातले पहिले अक्षर एम, शेवटचे एन आणि मधली 17 अक्षरे, असे ते बनले आहे. हे कोणी ओळखावे, अशी अपेक्षाच चुकीची आहे.

इन्स्टॉल झाले तरी काम संपत नाही. बहुधा एकदा लॉगआउट करून पुन्हा आत यावे लागते, मग सेटिंग्जमध्ये जाऊन कीबोर्ड निवडावा लागतो. पॅकेज मॅनेजरच्या लेखी काम केव्हाच झालेले असते. टाइप करणाऱ्याला मात्र अजून एकही मराठी अक्षर उमटवता आलेले नसते.

स्नॅप आणि फ्लॅटपॅक या लिनक्सवर सॉफ्टवेअर देण्याच्या नव्या पद्धतींत लागणारे बरेचसे भाग ॲपसोबतच येतात. त्यामुळे आवृत्त्यांचे भांडण कमी होते, पण डाउनलोड जड होतो. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टने 2021मध्ये 'विनगेट' या पॅकेज मॅनेजरची 1.0 आवृत्ती दिली. तीही कमांड लिहूनच चालते.

लिनक्सच्या चित्रमय सॉफ्टवेअर-दुकानांमध्ये मात्र ॲपचे नाव, वर्णन आणि शोधशब्द भाषांतरित करून देण्याची सोय आहे. ते शब्द मराठीत आणि कन्नडमध्ये भरले गेले, तर 'मराठी कीबोर्ड' असे शोधूनही योग्य पॅकेज समोर येऊ शकते.