बर्फावरची जोडी

सोलापुरात बर्फ म्हटला की डोळ्यांपुढे येते ती भुशात गुंडाळलेली लादी, नाही तर गोळेवाल्याच्या गाडीवर किसला जाणारा तुकडा. वैशाखात जेथे पारा चाळीस अंशांच्या वर जातो, तेथल्या माणसांना बर्फावरच्या खेळाचे काय सांगायचे, असे कोणी म्हणेल. पण त्या खेळाचे मर्म आपल्या मुलींना चांगले ठाऊक आहे. नागपंचमीची फुगडी आठवा. दोघी हात धरतात, पाय जवळ आणतात, अंग मागे टाकतात आणि गरगर फिरतात. एकीचा तोल दुसरीच्या हातात असतो. एकीने हात सोडला की दोघी आपटतात. बर्फावरच्या जोडी-स्केटिंगमध्ये एक पुरुष आणि एक स्त्री असते, एवढाच काय तो फरक समजा. आणि हो, पायांत बूट, बुटांखाली पोलादी पाते!

हे पाते जेमतेम चार मिलिमीटर जाड असते. त्याच्या तळाला मधोमध पन्हळ असते, म्हणून त्याला आतली आणि बाहेरची अशा दोन कडा येतात. खेळाडू बहुधा एका वेळी एकाच कडेवर असतो. वळण घ्यायचे ते कडेवर झुकून. पुढच्या टोकाला दाते असतात, ते उडी घेताना कामी येतात. गुरुजींनी वर्गात सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट म्हणजे गिरकी. हात पसरून फिरणाऱ्याने हात छातीशी घेतले की फिरण्याचा वेग आपोआप वाढतो. फिरत्या पाटावर मुलाला बसवून, हातांत दोन वजने देऊन हा प्रयोग शाळेतही करता येईल.

आता एका बाईची हकिगत ऐका. इरिना रोदनिना, जन्म 1949, मॉस्को. लहानपणी ती फार आजारी असे, फुप्फुसे कमजोर. मोकळ्या थंड हवेत खेळू द्या, असा सल्ला मिळाला, म्हणून आईबापांनी तिला बर्फावर नेले. स्तानिस्लाव झूक या कडक शिस्तीच्या शिक्षकाने तिची जोडी अलेक्सेई उलानोवशी जमवली, आणि 1969 पासून ही जोडी जगज्जेती झाली. 1972 साली जपानमधल्या साप्पोरोला ऑलिंपिकचे सुवर्णपदकही मिळाले.

पण तोवर जोडी आतून तुटली होती. उलानोवचे मन दुसऱ्या जोडीतल्या ल्युदमिला स्मिर्नोवावर जडले होते आणि पुढे तिच्याच बरोबर खेळायचे त्याने ठरवले होते. त्याच वर्षी कॅनडातल्या कॅलगरीला, जागतिक स्पर्धेच्या तोंडावर, सराव करताना उलानोवने डोक्यावर उचललेली इरिना खाली पडली. डोक्याला मार बसला, रुग्णालयात न्यावे लागले. तरी ती उभी राहिली, त्याच माणसाचा हात धरून खेळली आणि जिंकली. हे धैर्य की हट्ट? मला विचाराल तर दोन्ही; आणि अशा दुखापतीनंतर आपल्या विद्यार्थ्याला कोणी मैदानावर पाठवू नये, हेही येथेच सांगून टाकतो.

जोडीच्या खेळात साथीदार गेला की निम्मी विद्या जाते. उडीची वेळ, पकडीचा जोर, श्वासाचा ठेका, सारे नव्याने बसवावे लागते. झूकने लेनिनग्राडचा अलेक्सांदर झाइत्सेव निवडला. तो तेव्हा फारसा कोणाला माहीत नव्हता. 1973 साली ब्रातिस्लाव्हाच्या जागतिक स्पर्धेत दोघे खेळत असताना मध्येच संगीत बंद पडले. झूकने खूण केली, थांबू नका. मग पात्यांचा खरखराट आणि लोकांच्या टाळ्या, एवढ्यावरच त्यांनी खेळ पुरा केला. दोघांचा ठेका चुकला नाही, कारण तो अंगात मुरलेला होता. सुवर्णपदक त्यांचेच, आणि दुसरा क्रमांक कोणाचा म्हणाल, तर स्मिर्नोवा आणि उलानोव यांचा!

पुढे 1975 मध्ये इरिना आणि झाइत्सेव यांनी लग्न केले. 1976 चे ऑलिंपिक त्यांनी जिंकले. 1969 ते 1978 अशी सलग दहा वर्षे इरिना जगज्जेती राहिली. 1979 साली तिला मुलगा झाला, म्हणून ते वर्ष गेले. अमेरिकन जोडी त्या वर्षी जगज्जेती झाली. 1980 मध्ये अमेरिकेतल्या लेक प्लॅसिडला ही जोडी समोरासमोर येणार, तोच अमेरिकन पुरुष खेळाडू जायबंदी झाल्याने त्या जोडीने माघार घेतली. इरिनाला तिसरे सुवर्णपदक मिळाले. पदक घेताना तिचे डोळे वाहत होते. त्यानंतर ती स्पर्धेत उतरली नाही. पुढे तिने शिकवण्याचे काम केले. तिच्या हाताखालची झेक जोडी 1995 मध्ये जगज्जेती झाली.

आपल्याकडे असे बर्फाचे मैदान क्वचित. सिमल्याला हिवाळ्यात नैसर्गिक थंडीने गोठवलेले आहे, ते 1920 सालापासूनचे. पण हीच कला चाकांच्या बुटांवरही खेळतात, त्याला गुळगुळीत फरशी पुरते. 2010 च्या ग्वांगझू आशियाई क्रीडास्पर्धेत अनुपकुमार यामा आणि अवनी पांचाळ या भारतीय जोडीने त्यात कांस्यपदक मिळवले. यामा हैदराबादचा, म्हणजे सोलापूरहून रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावरचा.