सोबत कोण आहे?

गेल्या महिन्यात बचत गटाच्या कामासाठी मी आणि शेजारच्या काकू पुण्याला गेलो. परतीची शेवटची गाडी चुकली, म्हणून स्टेशनजवळच्या एका हॉटेलात खोली मागितली. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "सोबत जेंट्स कोण आहे?" कोणी नाही म्हटल्यावर खोल्या लगेच 'फुल' झाल्या! आमच्या मागच्या जोडप्याला मात्र किल्ली मिळाली. पलीकडच्या हॉटेलात आधार कार्ड पाहून, रजिस्टरवर सही घेऊन दहा मिनिटांत खोली दिली.

मैत्रिणींनो, सज्ञान बाईने हॉटेलात एकटीने राहू नये, असा कायदा नाही. खोलीत गेल्यावर आधी आतली कडी तपासा, घरी हॉटेलचं नाव कळवा, अडचण आलीच तर ११२ फिरवा. पण त्या प्रश्नाने ओशाळू नका. दुसऱ्या काउंटरवर काकूंनी विचारण्याआधीच सांगून टाकलं, "ही माझ्यासोबत आणि मी हिच्यासोबत!"