खोडदला ‘आत्ता’ म्हणजे कधी?

१९ ऑक्टोबर २०१६ची रात्र. साडेआठच्या सुमाराला जुन्नर तालुक्यातल्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण मंगळाकडे कान लावून होती. युरोपचं ‘स्कियापरेली’ यान मंगळावर उतरत होतं आणि त्याचा क्षीण रेडिओ संदेश थेट पृथ्वीवर टिपायचं काम खोडदकडे होतं. उतरण्याच्या ठरल्या वेळेच्या जरा आधी संदेश तुटला. पॅराशूट लवकर सुटलं, इंजिनं काही सेकंदांतच बंद पडली आणि यान जमिनीवर आदळलं, हे पुढे स्पष्ट झालं.

मंगळ तेव्हा सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरवर होता. तिथून रेडिओलहरी यायला पावणेदहा मिनिटं लागत होती आणि वातावरणात शिरल्यापासून जमीन गाठेपर्यंतचा यानाचा प्रवास होता जेमतेम सहा मिनिटांचा. म्हणजे यान वातावरणात शिरल्याचं खोडदला कळलं, तेव्हा ते आदळूनही तीन-चार मिनिटं झाली होती. शास्त्रज्ञ जिवाचा कान करून ऐकत होते ते घडून गेलेलं.

रेडिओलहरी म्हणजे प्रकाशच, फक्त डोळ्यांना न दिसणारा. वेग तोच, सेकंदाला तीन लाख किलोमीटर. हा वेग अफाट असला तरी अमर्याद नाही. खगोलशास्त्राची सारी श्रीमंती या मर्यादेतूनच आली आहे, असं मला वाटतं. प्रकाश क्षणार्धात सगळीकडे पोचला असता, तर आकाशात फक्त आज दिसला असता.

जुन्नरच्याच इतिहासाचा गज लावून पाहू. कृत्तिकांचा पुंजका सुमारे ४४० प्रकाशवर्षं दूर आहे. आज रात्री दिसणारा त्याचा प्रकाश निघाला, तेव्हा शिवनेरी निजामशाहीत होता आणि शिवरायांच्या जन्माला चाळीसहून जास्त वर्षं अवकाश होता. कन्या राशीतल्या दीर्घिकांचा मोठा समूह साडेपाच कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास आहे. तिथला प्रकाश निघाला, तेव्हा नाणेघाटाचा काळा कातळ ज्या लाव्हातून घडला, तो थंड होऊन कोटभर वर्षं झाली होती. त्याहून जुन्या प्रकाशासाठी सह्याद्रीचा दगडही अपुरा पडतो.

तिथे खोडदचं काम सुरू होतं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांनी उटीच्या रेडिओ दुर्बिणीनंतरच्या आपल्या मोठ्या दुर्बिणीसाठी नारायणगावजवळचा हा भाग निवडला. डोंगररांगांचा आडोसा आणि तेव्हा अगदी कमी असलेला रेडिओगोंगाट, ही त्यामागची मुख्य कारणं. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या उभ्या राहिल्या. चौदा मध्यभागी जवळजवळ, बाकी सोळा इंग्रजी ‘वाय’च्या तीन भुजांवर, शेतं-गावांमधून दूरवर पसरलेल्या. पत्र्याऐवजी ताणलेल्या तारांची जाळी वापरल्याने त्या हलक्या आणि स्वस्त झाल्या. २००२पासून ही दुर्बीण जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना खुली आहे.

एकमेकींपासून सर्वांत दूरच्या दोन तबकड्यांमध्ये पंचवीस किलोमीटर अंतर आहे. आकाशातून तिरकी येणारी एकच लहर एकीवर आधी पोचते, दुसरीवर नंतर. हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या बारा हजाराव्या भागाएवढा, पण तो दुरुस्त केल्याशिवाय तीस तबकड्यांची मिळून एक दुर्बीण होत नाही. आणि दुरुस्ती नॅनोसेकंदापर्यंत काटेकोर लागते. तेवढ्या वेळात प्रकाश फक्त ३० सेंटिमीटर जातो. पृथ्वी फिरत असते, म्हणून हे गणित क्षणोक्षणी नव्याने करावं लागतं. नॅनोसेकंदाचा हिशेब चुकवून चालत नाही, तेव्हा कुठे अब्जावधी वर्षांमागचं चित्र हाती येतं. मला तरी खोडदची सगळ्यात मोठी नवलाई हीच वाटते.

असंच एक चित्र २०२३मध्ये प्रसिद्ध झालं. हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटर लांबीची लहर सोडतो. अर्णब चक्रवर्ती आणि निरुपम रॉय यांनी खोडदच्या दुर्बिणीने एका दूरच्या दीर्घिकेतली ही लहर टिपली, ती ४८ सेंटिमीटर होऊन आली होती. वाटेत विश्व प्रसरण पावलं आणि लहरही ताणली गेली. या ताणावरून तिचं वय निघतं: ८.८ अब्ज वर्षं. ती निघाली तेव्हा सूर्य नव्हता. निम्म्याच्या जवळपास वाट सरल्यावर सूर्य आणि पृथ्वी घडली. मधल्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाने भिंगासारखं काम करून तिला सुमारे तीसपट उजळ केलं, म्हणून ती हाती लागली.

इथे एक गोंधळ हमखास होतो. प्रकाशवर्ष हे अंतराचं माप आहे, काळाचं नव्हे. लहर ८.८ अब्ज वर्षं चालली, म्हणून ती दीर्घिका आज ८.८ अब्ज प्रकाशवर्षांवर आहे असं नाही. प्रवासभर मधली जागा वाढत राहिल्याने आजचं अंतर सुमारे १३ अब्ज प्रकाशवर्षं भरतं. इतक्या दूरच्या गोष्टींबद्दल बोलताना ‘किती लांब’पेक्षा ‘किती पूर्वीची’ हा प्रश्न जास्त सरळ.

शेजारच्या आंबेगाव तालुक्यात गिरवलीच्या डोंगरावर पुण्याच्या आयुका संस्थेची दोन मीटर आरशाची दुर्बीण २००६पासून आहे. ती डोळ्यांना दिसणारा प्रकाश गोळा करते, म्हणून तिला अंधारी, निरभ्र रात्र लागते. खोडदला दिवसही चालतो, पण मोबाइल आणि विजेच्या तारांतल्या ठिणग्यांचा त्रास होतो.

हा त्रास आता जास्त बोचणार आहे, कारण शोध आणखी मागे चालला आहे. पहिल्या ताऱ्या-दीर्घिकांच्या काळातला हायड्रोजन, विश्व सुमारे साठ कोटी वर्षांचं असतानाचा, आपल्यापर्यंत दोन मीटर लांबीच्या लहरीने येतो. म्हणजे १५० मेगाहर्ट्झ, आपल्या एफएम रेडिओपासून फारसं लांब नाही. खोडदच्या दुर्बिणीने या संदेशाचा शोध घेतला आहे. तो अजून सापडलेला नाही, पण त्याची तीव्रता अमुक पातळीपेक्षा जास्त असू शकत नाही, एवढी मर्यादा त्या निरीक्षणांतून मिळाली. आपल्याच आकाशगंगेचा रेडिओगोंगाट त्याहून हजारो पट मोठा आहे आणि तो वजा करण्याआधी माणसांनी केलेला गोंगाट वजा करावा लागतो.