गुलाबावरची कीड घालवा, पण तळ्यातली मासळी सांभाळून



कारंजा जलाशयाच्या काठी, मांजरा आणि भीमेच्या कडेला, भालकी-औरादपासून आळंद-अफझलपूरपर्यंत आपल्या बऱ्याच घरांच्या दारात गुलाब आहे. कुणाची चार झाडं, तर कुणाची शेततळ्याच्या बांधावर अख्खी ओळ. कलबुर्गीच्या बंदेनवाज दर्ग्याला आणि गाणगापूरच्या दत्ताला फुलं लागतातच, त्यामुळे दोन पैसेही सुटतात. पण कीड दिसली की हात सरळ तुरीवर मारायच्या औषधाकडे जातो. तिथंच आपलं नुकसान होतं.

सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, लॅम्बडा-सायहॅलोथ्रिन ही नेहमीची औषधं माशांना फार जहाल आहेत. किड्याच्या मज्जातंतूंवर जसा मारा होतो तसाच माशाच्याही. माणसाचं शरीर हे विष बरंचसं मोडून बाहेर टाकतं, माशाला ते नीट जमत नाही. शिवाय कल्ल्यांतून ते थेट आत जातं. बोटुकलीला तर अगदी थोडंही पुरतं.

बाटलीवरच्या रंगीत त्रिकोणावर विसंबू नका. लाल, पिवळा, निळा, हिरवा हा क्रम माणसासारख्या सस्तन प्राण्याला किती धोका, एवढंच सांगतो. निळा किंवा हिरवा आहे म्हणजे माशाला चालतं, असं नाही. बाटलीसोबतच्या पत्रकात मासे आणि पाण्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा, नाहीतर कुणाकडून वाचून घ्या.

आता कीड ओळखा. बहुतेक वेळा औषध लागतच नाही.

मावा: थंडीत कोवळ्या शेंड्यांवर आणि कळ्यांच्या देठावर हिरवे बारीक किडे, पानं चिकट. सकाळी पाण्याचा जोरदार फवारा मारा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा. ठिपक्यांचा लाल लेडीबर्ड भुंगा दिसला तर त्याला हात लावू नका, तो मावाच खातो. मासे धुतलेलं पाणी रोज गुलाबाला घालत असाल तर जरा कमी करा. नत्र जास्त झालं की शेंडे लुसलुशीत होतात आणि मावा वाढतो.

फुलकिडे: उन्हाळ्यात पाकळ्यांच्या कडा तपकिरी, कळी नीट उमलत नाही. अशा कळ्या तोडून जाळा. निळे चिकट सापळे लावा.

लाल कोळी: नाव आपलं असलं तरी पाहुणा परका! हा किडा नाही, कोळ्याच्या जातीचा बारीक जीव. पानाखाली जाळी, वर पिवळे ठिपके. पानाच्या खालच्या बाजूला पाणी मारा. वर सांगितलेली औषधं मारली तर त्याला खाणारे जीव मरतात आणि हा उलट वाढतो.

भुंगे: पहिल्या पावसानंतर रात्रीतून पानं कुरतडलेली दिसतात. अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन जा, झाड हलवा आणि पडलेले भुंगे साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाका. ही बादलीही तळ्यात ओतायची नाही.

अळी: कळीला भोक दिसलं तर आत बहुधा तुरीच्या शेंगेतलीच घाटे अळी असते. हाताने वेचा.

पानाच्या कडेला अगदी गोल काप दिसला तर सोडून द्या. ते पानकापी माशीचं काम, झाडाला धोका नाही.

एवढ्यानं भागलं नाही तर निंबोळी अर्क. ५० ग्रॅम निंबोळी पावडर एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यातून पिळून गाळा, थोडा साबण घाला आणि संध्याकाळी फवारा. हाही पाण्यात जाऊ द्यायचा नाही. तंबाखूचा काढा घरगुती वाटतो, पण तोही माशाला विषच.

तळ्याच्या बांधावरच्या गुलाबाला रासायनिक कीटकनाशक नकोच. घराजवळ मारायचंच असेल तर वारा तळ्याकडे वाहताना आणि पाऊस येण्याआधी मारू नका. जुलै-ऑगस्टमध्ये बीज सोडलेलं असतं, उन्हाळ्यात पाणी आटलेलं असतं. या दोन्ही वेळा जास्त जपा. पंप, डबा, हात तळ्यात किंवा ओढ्यात धुऊ नका. जाळी वाळत घातलेल्या कुंपणाशेजारी फवारू नका. एन्डोसल्फान २०११ पासून आणि डायक्लोरव्हॉस, म्हणजे नुवान, २०२० अखेरपासून बंद आहे. जुनी बाटली घरात असेल तर वापरू नका, पाण्यातही ओतू नका.

कटला, रोहू, मृगळ अचानक गरगर फिरू लागले, लहान मासे आधी मरू लागले, तर विषाची शंका घ्या. ती मासळी खाऊ नका, विकू नका. स्वच्छ बाटलीत पाणी भरून ठेवा आणि लगेच मत्स्य खात्याला कळवा.

ही माहिती बांधशेजारच्या शेतकऱ्यालाही सांगा. फवारा त्याचा असला तरी तळं आपलं आहे.