तंबूत उरली ती कसरत

सर्कस म्हटली की आधी वाघ-सिंह आठवतात, आणि आपल्याकडच्या सर्कशीची सुरुवातही जनावरांपासूनच झाली. विष्णुपंत छत्रे हे गाणं शिकलेले हद्दूखाँसाहेबांकडे, पण नाव झालं घोड्यांमुळे. १८७९ साली क्यारिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस हिंदुस्थानात आली. असा खेळ उभा करायला इथल्या लोकांना अजून अवकाश आहे, असं साहेब म्हणाल्याचं सांगतात. कुरुंदवाडकर पटवर्धनांच्या पदरी असलेल्या पंतांना ते चांगलंच झोंबलं असावं. २० मार्च १८८० रोजी त्यांच्या ग्रेट इंडियन सर्कशीचा पहिला खेळ झाला.

कसरत मात्र इथे नवी नव्हतीच. डोंबाऱ्यांच्या बांबूंच्या दोन कैच्या, मध्ये ताणलेला दोर, खाली ढोलकं आणि वर आडवी काठी धरून चालणारी पोर, हे गावोगाव दिसत होतं. ती काठी शोभेची नसते. तिच्या लांबीमुळे तोल सावकाश ढळतो, सावरायला पळभर जास्त वेळ मिळतो. मल्लखांबाला तर पेशवाईत बाळंभटदादा देवधरांनी नव्याने ऊर्जितावस्था आणली होती. डोंबारी रस्त्यावर, मल्लखांब तालमीत. कसरत बघायला तिकीट काढायची सवय लोकांना सर्कशीने लावली.

पुढे छत्र्यांची गाठ केरळातल्या तलश्शेरीच्या कीलेरी कुंञिकण्णन यांच्याशी पडली. कुंञिकण्णन व्यायामशिक्षक होते. त्यांनी मुलांना सर्कशीसाठी घडवायला घेतलं, १९०१ साली शाळाच काढली. भारतभरच्या तंबूंना वर्षानुवर्षं कसरतपटू पुरवले ते या गावाने.

झुल्यावरचा खेळ खालून दिसतो त्याच्या उलट असतो. झेप घेणारा समोरच्याचे हात पकडायला जात नाही. तो फक्त हात पुढे करतो. गुडघ्यांवर उलटा लटकलेला जोडीदार त्याला मनगटात धरतो. चुकलं, तर जाळीत पाठीवर पडायचं, हेही आधीच शिकवलेलं असतं.

१९९८ च्या सरकारी अधिसूचनेने वाघ, सिंह, बिबटे, अस्वलं, माकडं रिंगणाबाहेर गेली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांना सर्कशीत राबवण्यावर बंदीचे आदेश दिले. दोन्ही निर्णय रास्तच. पण अंग कोवळं असतानाच वळतं, त्यामुळे शिकाऊ पोरांची रांग आटली. आता झुल्यावर, दोरावर इथिओपिया, टांझानियाचे कलाकारही दिसतात.

इकडे दादरच्या शिवाजी पार्कात मुलं-मुली मल्लखांब शिकताहेत. २०१९ च्या फेब्रुवारीत पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा तिथेच झाली. या मुलांच्या कोलांट्यांवर कुणाच्या घरची चूल अवलंबून नाही.